पणजीची चौकशी

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी पुण्याहून ताईचा फोन आला. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, शिकायला म्हणून अमेरिकेत आली आणि नोकरी लागल्यावर शिकागोत स्थिरावली. तिने लग्न ठरवले होते. मुलगा तिच्याच कंपनीत सिव्हिल इंजिनिअर, मूळचा व्हर्जिनियाचा. एवढे सगळे ताईने एका दमात सांगितले आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "अरे, पण तो काळा आहे रे! तूच आता बोल तिच्याशी. तुझं ऐकते ती."

मी स्वतःला बऱ्यापैकी पुढारलेला समजतो. पंचवीस वर्षे या देशात काढली, निम्म्या जगाचे लोक माझ्याबरोबर काम करतात. ताईला मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, "अगं, रंगाचं काय घेऊन बसलीस!" आणि भाचीला फोन लावला. रंगाचा उल्लेखही केला नाही. फक्त चार गोष्टी विचारल्या. मुलाचे आईवडील काय करतात? दोघे एकत्र राहतात ना? घरात कोणाला व्यसन, कोणाचे पोलिसांत काही प्रकरण? शिक्षणाच्या कर्जाचे किती राहिले? भाचीने सगळ्याची शांतपणे उत्तरे दिली. मग म्हणाली, "मामा, एक विचारू? दादाच्या लग्नाच्या वेळी वहिनीबद्दल यातला एक तरी प्रश्न तू विचारला होतास का?"

हा दादा म्हणजे माझ्या मधल्या बहिणीचा मुलगा. त्याची बायको ओहायोची, आयरिश वंशाची. त्या लग्नात आम्ही सगळ्यांनी तिच्या निळ्या डोळ्यांचे आणि नऊवारी सांभाळत चालण्याचे भरभरून कौतुक केले. तिच्या वडिलांची ही तिसरी बायको, हे मला भर मांडवात कळले, तेव्हा 'इकडची पद्धत' म्हणून मी ते हसून सोडून दिले होते. भाचीला मी काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. बहुधा काहीच दिले नसावे.

त्या रात्री मला आमच्या मंडळातल्या एका काकूंची आठवण झाली. त्या आता हयात नाहीत. काकू बेने इस्राएल. घराण्याचे गाव अलिबागजवळ, बालपण मुंबईत, उमेदीची वर्षे इस्राएलमध्ये आणि म्हातारपण मुलाकडे इथे. त्यांचे मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ होते आणि संक्रांतीच्या गुळपोळ्या आमच्यापेक्षा खुसखुशीत. एकदा हळदीकुंकवाच्या गडबडीत त्यांनी मला विचारले होते, "तुला तुझ्या पणजीचं नाव माहीत आहे का रे?" मी नाही म्हटल्यावर त्या हसल्या. "मग माझ्या तरुणपणी तुझं लग्न झालं नसतं. आम्हाला विचारायचे." एवढेच बोलून त्या तिळगूळ वाटायला निघून गेल्या. त्या काय म्हणाल्या, हे समजून घ्यायला मला भाचीच्या प्रश्नापर्यंत थांबावे लागले. पुढचे काही आठवडे मी मिळेल ते वाचून काढले. जे हाती लागले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले, कारण ही आपल्याच मराठी माणसांची गोष्ट आहे.

बेने इस्राएलांची परंपरागत कथा अशी. फार प्राचीन काळी कोकण किनाऱ्यावर अलिबागजवळ नवगावपाशी एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली. वाचलेले लोक आसपासच्या गावांत राहिले, तेलाच्या घाण्यावर पोट भरू लागले, मराठी बोलू लागले. पोथ्या बुडाल्या, पण शब्बाथ पाळणे, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि 'शमा' ही प्रार्थना एवढे त्यांनी जपले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावेही गावांवरूनच पडली: किहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर. पुढे मुंबईत वस्ती वाढली. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मांडवी भागात 'शार हारहमीम' हे मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. विसाव्या शतकात या लहानशा समाजाने मुंबईला महापौर दिला (डॉ. ई. मोझेस), डॉ. जेरुशा झिराड यांच्यासारखी स्त्रीरोगतज्ज्ञ दिली, निस्सीम इझिकेल यांच्यासारखा कवी दिला.

इथपर्यंत वाचताना छाती फुगते. महाराष्ट्राने या लोकांना धर्मावरून कधी छळले नाही, हे खरेच आहे. पण पुढचे पानही वाचायला हवे. शेजाऱ्यांकडून बेने इस्राएलांनी पोह्यांचा मलिदा आणि हिरवा चुडा उचलला, तशी आणखीही एक गोष्ट उचलली. त्यांच्यात 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असे दोन भाग पडले. ही नावे कातडीच्या रंगावरून नव्हती. गोऱ्यांत सावळे भरपूर होते. गलबतातून वाचलेल्यांचा शुद्ध वंश तो गोरा. आणि ज्यांच्या कुळात मागे कधी पुरुषाने इथल्या बिगरज्यू बाईशी घरोबा केला, ते काळे. म्हणजे भेद पडला तो एका पणजी-खापरपणजीवरून. प्रार्थना तीच, आडनावांचा थाट तोच, पण दोघांत बेटीव्यवहार होत नसे आणि पंगतीतही अंतर ठेवले जाई. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आपला जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. आपापल्यातच लग्न करणे हा जातीचा गाभा आहे, असे त्यात त्यांनी मांडले होते. घाण्यावरच्या या लहान समाजाकडे पाहिले की त्या सिद्धांताचे दुसरे उदाहरण शोधायला नको.

मग फासा उलटला. एकोणिसाव्या शतकात बगदाद आणि त्या बाजूचे श्रीमंत ज्यू व्यापारी मुंबईत आले. डेव्हिड ससून हे त्यातले सर्वांत मोठे नाव. सुरुवातीला ते बेने इस्राएलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना करीत, त्यांच्याच दफनभूमीत आपले मृत पुरीत. पण पाय स्थिर होताच, १८३० च्या दशकातच, दफनभूमीत आपली बाजू वेगळी करणारी भिंत हवी अशी मागणी त्यांच्याकडून झाली. कारण दोन सांगितले जाई: बेने इस्राएलांना धर्मशास्त्र नीट ठाऊक नाही, आणि त्यांचे रक्त मिसळलेले आहे. न सांगितलेले तिसरे कारण असे, की इंग्रजांच्या राज्यात 'नेटिव्हां'मध्ये गणले जाणे व्यापाऱ्यांना परवडणारे नव्हते. रंगूनमध्ये तर सिनेगॉगच्या कारभारातून बेने इस्राएलांना वगळण्याचा वाद १९३० च्या दशकात थेट न्यायालयात गेला. निकाल बेने इस्राएलांच्या बाजूने लागला. पण विचार करा, 'काळ्यां'च्या पणजीकडे बोट दाखवणारे 'गोरे' आता स्वतःच दुसऱ्यांच्या नजरेत 'काळे' झाले होते, आणि कारणही तेच, पणजी!

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, तेव्हा भारतात साधारण वीस हजार बेने इस्राएल होते. हळूहळू त्यातले बहुतेक तिकडे गेले. भारतातून छळाला कंटाळून नव्हे, तर श्रद्धेने. तिथे गेल्यावर काहींना कामात आणि घरांत रंगावरून भेद होतो असा अनुभव आला. १९५१ मध्ये काहींनी धरणे धरले, 'आम्हाला परत भारतात पाठवा' म्हणून. पुढच्या वर्षी शे-दीडशे जण खरोखर परत आले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नंतर पुन्हा इस्राएलची ओढ लागली. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या हेलपाट्यातली वेदना वेगळी समजावून सांगायला नको.

खरा घाव बसला तो लग्नाच्या प्रश्नावर. इस्राएलमध्ये ज्यूंची लग्ने नोंदवण्याचा अधिकार धर्मपीठाकडे आहे. नागरी विवाहाची सोय नाही. बेने इस्राएल मुलाने इतर ज्यू मुलीशी लग्न ठरवले, की काही रब्बी नोंदणीला नकार देऊ लागले. त्यांची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. ज्यू धर्मशास्त्रात घटस्फोट ठराविक लेखी विधीनेच व्हावा लागतो. तसा न होता स्त्रीने दुसरे लग्न केले, तर त्या संबंधातल्या मुलांना सर्वसाधारण ज्यूंशी लग्न करता येत नाही, आणि हा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. शतकानुशतके धर्मपीठांपासून दूर राहिलेल्या या लोकांत तो विधी पाळला गेला असेल का, आणि मधल्या काळात परधर्मीयांशी विवाह झाले असतील का, अशी शंका होती. १९६१ मध्ये प्रमुख धर्मपीठाने निर्णय दिला, की बेने इस्राएलांशी विवाहाला बंदी करण्याचे कारण नाही. मात्र फेब्रुवारी १९६२ मध्ये प्रमुख रब्बी यित्झाक निस्सीम यांनी नोंदणी करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. वर किंवा वधू बेने इस्राएल असेल तर तिची आई, आईची आई, अशी शक्य तेवढी मागे चौकशी करावी, आणि मागच्या पिढ्यांत कोणी घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केले होते का तेही पाहावे.

काकूंचा प्रश्न तो हा! पेणच्या किंवा रोह्याच्या ज्या बाईचा जन्म कुठल्या दप्तरात नोंदला नाही, तिच्या धर्माचा पुरावा बीरशेबातल्या नातीने कुठून आणायचा? आणि ज्या मुलाने इस्राएलच्या सैन्यात नोकरी केली, त्याला बंदूक देताना कोणी पणजीचे नाव विचारले नव्हते.

समाज पेटून उठला. सभा झाल्या, निवेदने गेली. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातले बेने इस्राएल बायकामुलांसह जेरुसलेमला येऊन धरणे धरून बसले. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या कारकिर्दीत संसदेचे खास अधिवेशन भरले. भारतातून आलेले हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत, विवाहासह सर्व बाबतींत त्यांचे हक्क समान आहेत, अशी घोषणा झाली. आणि त्या महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने आपल्या सूचना बदलल्या.

काय बदलले, हे फार लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. एखाद्या प्रोग्रॅममध्ये दोष निघाला की नेमकी कोणती ओळ बदलली ते पाहण्याची मला सवय आहे. इथे चौकशी रद्द झाली नाही. धर्मशास्त्रही बदलले नाही. फक्त 'बेने इस्राएल' हे नाव काढले गेले. यापुढे ज्या कोणाच्या बाबतीत शंका येईल त्याची चौकशी करावी, मग तो पोलंडचा असो, मोरोक्कोचा असो की मुंबईचा. प्रत्यक्षात तेवढ्याने सगळे सुरळीत झाले नाही. पुढेही, अगदी १९९७ मध्ये, एका शहरातल्या रब्बीने त्यांची लग्ने नोंदवायला नकार दिल्यावरून वाद झाला. तरी लोकांनी मिळवले ते लहान नव्हते. 'आमची चौकशीच करू नका' असे ते म्हणत नव्हते. आम्हाला आधीच निवडून, एका गठ्ठ्यात बांधून संशयित ठरवू नका, एवढेच त्यांचे मागणे होते.

हे वाचताना मला माझा भाचीला केलेला फोन जसाच्या तसा आठवला. मी विचारलेला एकही प्रश्न स्वतंत्रपणे गैर नव्हता. मुलीच्या मामाने कर्जाचे विचारू नये, असे कोण म्हणेल? दोष प्रश्नांत नव्हता. ते कोणाला विचारायचे, हे मी मुलाला पाहण्याआधीच ठरवून टाकले होते. ओहायोच्या सुनेला माझ्याकडे त्या सूचना लागू नव्हत्या. व्हर्जिनियाच्या जावयाला होत्या. माझ्या खिशात १९६२ चे परिपत्रक होते आणि त्याचा मला पत्ताही नव्हता.

व्हर्जिनियाचे नाव निघालेच आहे, तर तिथलीही पणजी पाहू. या राज्याने १९२४ साली 'वांशिक शुद्धते'चा कायदा केला. ज्याच्यात गोऱ्याखेरीज दुसऱ्या रक्ताचा थेंबही नाही तोच गोरा, आणि गोऱ्याने गोऱ्याशीच लग्न करायचे. पण एक अडचण आली. तिथली काही खानदानी घराणी स्वतःला पोकाहोंटास या मूळ अमेरिकन राजकन्येचे वंशज म्हणवून घेत. शब्दशः कायदा लावला तर हे उमराव लोकच काळ्यांत जमा! म्हणून पळवाट ठेवली गेली: मूळ अमेरिकन रक्त सोळाव्या हिश्शापर्यंत असले तर माणूस गोराच समजावा. एकाची पणजी कलंक आणि दुसऱ्याची पणजी भूषण! याच राज्यात १९५८ मध्ये रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या नवपरिणीत जोडप्याला पोलिसांनी रात्री झोपेतून उठवून पकडले. तो गोरा, ती कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन वंशाची. पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहाल तर तुरुंग माफ, अशी शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी एकमताने तो कायदा रद्द केला, तोवर सोळा राज्यांत असे कायदे शिल्लक होते. त्याच काळात, १९६५ मध्ये, याच देशाने परदेशातून येणाऱ्यांसाठीची वंशावर आधारलेली कोटापद्धत मोडीत काढली. तिच्या मागेही कृष्णवर्णीयांच्या चळवळीने बदललेली हवा होती. आपण सारे त्या दारातून आत आलो, आणि दार उघडायला झगडलेल्यांच्या नातवाला आपल्या दारात उभा पाहून आपण त्याचे कागद मागतो.

शेवटी विज्ञान काय म्हणते तेही सांगतो. २०१६ साली बेने इस्राएलांच्या जनुकांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दुहेरी वारसा आढळला. मिश्रण बऱ्याच पिढ्यांपूर्वीचे, आणि भारतीय वाट्यात स्त्रियांचा भाग अधिक. याचा अर्थ असा की ज्यू असल्याची त्यांची आठवण खोटी नव्हती. आणि असाही की कोकणातली पणजी ही काही फक्त 'काळ्यां'च्या वाट्याला आलेली नव्हती. ती सगळ्यांचीच होती, गोऱ्यांचीही. तिच्यावरून घातलेली भिंत त्यांनी स्वतःच्याच घरातून घातली होती. अर्थात जनुकांवरून कोणी ज्यू ठरत नाही, तसा चांगला नवरा किंवा चांगली सूनही ठरत नाही.

समूहाबद्दलचे ठोकताळे सगळेच बांधतात. कामाच्या मुलाखतीला भारतीय नाव पाहून 'हा गणितात हुशार असणार' असे कोणी गृहीत धरले की आपल्याला ते गोड लागते. 'याला इंग्रजी बोलता येणार नाही' असे गृहीत धरले की मात्र आपण चिडतो. खरे तर दोन्ही वेळी समोरच्याने आपल्याला पाहिलेलेच नसते.

नोव्हेंबरच्या सुट्टीत भाची त्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. चार दिवस राहिला. शांत, थोडा हट्टी, पुलांच्या खांबांबद्दल बोलायला लागला की थांबत नाही, आणि कॅरममध्ये हरल्यावर मनापासून वैतागतो. वरणभाताला लिंबू पिळायचे हे तिसऱ्या दिवशी त्याला सांगावे लागले नाही. एका संध्याकाळी तो आपल्या आजीने जमवलेल्या वंशावळीबद्दल बोलू लागला. ती १८७० पर्यंत मागे जाते, म्हणाला, पुढे भिंत. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांची नावे शिरगणतीत पहिल्यांदा नोंदली गेली ती त्या साली. त्याआधी मालकाच्या नावाखाली, नाव न लिहिता, वय आणि स्त्री की पुरुष असे तपशील लिहीत. त्याच्या घरातली नाव माहीत असलेली सर्वांत जुनी व्यक्ती एक बाई आहे. मग त्याने अगदी सहज, जिज्ञासेने विचारले, "तुमच्याकडे किती मागची नावं माहीत आहेत?"

मी ताईला फोन लावला. पितृपक्षात वडील तीन पिढ्यांची नावे घेत, त्यावरून पणजोबांचे नाव तिला पटकन आठवले. पणजीचेही आठवले, यमुना. "पण ते सासरचं," ताई म्हणाली. "लग्नात नाव बदललं असणार. माहेरचं काय होतं कोण जाणे. कुठल्या गावची तेही आता कोणाला ठाऊक नाही."

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "त्याच्या घरातल्या त्या बाईचं नाव काय म्हणालास?"

मी ते सांगितले. तिने दोनदा उच्चारून पाहिले.